काड्यांवर वजाबाकी बरोबर, वहीत चूक: नेमकं काय सुटतंय?

खडूफळा
दुसरी-तिसरीचा एकत्र वर्ग, मुलं ३२. हातच्याची वजाबाकी गठ्ठे-सुट्यांनी (रबर लावलेले दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या) घेतली आहे. ४२ − १७ काड्या मांडून केलं की जवळपास सगळ्यांचं २५ येतं. तेच उभ्या मांडणीत वहीत दिलं की निम्मी मुलं ३५ लिहितात. काड्या दिल्या की पुन्हा बरोबर. सराव वाढवावा की साहित्य बाजूला ठेवून रीत घोटून घ्यावी? शिवाय आईस्क्रीमच्या काड्यांचे गठ्ठे सारखे सुटतात, त्यावरही सुचवा.

पाटीपेन्सिल
मॅडम, उत्तर बघू नका, गठ्ठ्यांचे सुटलेले रबर मोजा. ४२ मधून १७ काढताना एकच गठ्ठा सुटायला हवा. मुलासमोर चार रबर पडलेले दिसले, तर त्याने सगळे गठ्ठे सोडून ४२ सुट्यांतून १७ मोजून काढल्यात. उत्तर बरोबर, पण दशकाचा संबंधच आला नाही. ते मूल वहीत ३५ लिहिणारच. तिथे त्याला २ आणि ७ दिसतात आणि मोठ्यातून लहान जातं एवढंच ठाऊक असतं.

एकच गठ्ठा सोडणारी मुलंही बहुतेक दशकापासून सुरू करतात. आधी एक गठ्ठा बाजूला, उरले तीन. मग सात सुट्या हव्यात म्हणून एक सोडला, राहिले दोन गठ्ठे आणि पाच सुट्या. यात चूक काहीच नाही, उलट शहाणपणा आहे. पण वहीत आपण त्यांना एककापासून सुरू करायला लावतो. हाताचा क्रम एक आणि पेन्सिलीचा उलटा, म्हणून काड्यांवरचं वहीत उतरत नाही.

त्यामुळे तुम्ही सुचवलेल्या दोन्ही वाटा नकोत. काड्या आणि लेखन एकदमच चालू द्या. जोडीत एकाने काड्या हाताळायच्या, दुसऱ्याने लिहायचं.

फक्त ४२ मांडायचे. १७ मांडायचे नाहीत. दोन्ही मांडले की ५९ काड्या समोर येतात आणि काय काढून टाकायचं तेच कळत नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक गठ्ठा एककाच्या घरात नेऊन सोडायचा. त्याच क्षणी वहीत ४ काटून ३, आणि २ च्या डोक्यावर १२. सुटलेला रबर दशकाच्या घराच्या वर ठेवायचा, म्हणजे वहीतला ४ का काटला ते समोर दिसतं. मग सात काढून ५ लिहायचे, एक गठ्ठा काढून २. लिहून होईपर्यंत काड्यांना हात लावायचा नाही, आणि पुढच्या उदाहरणाला भूमिका बदलायच्या.

इथे एक हमखास गोंधळ होतो. एककाच्या घरात १२ सुट्या दिसल्या की काही मुलं लगेच दहाचा गठ्ठा बांधून टाकतात. बेरजेत आपणच तसं शिकवलेलं असतं! सात काढून होईपर्यंत बांधायचं नाही, असं आधीच ठरवून घ्या.

उदाहरणंही मिसळून द्या: ४२ − १७, ४७ − १२, ५० − २३. नुसती हातच्याचीच दिली तर मुलं पुढे ४७ − १२ मध्येही ४ काटून ठेवतात.

रानजाई
आईस्क्रीमच्या काड्या चपट्या, म्हणून सरकतात. खराट्याचे हीर घ्या, बुडखा आणि शेंडा टाकून १० सेंमीचे तुकडे करा. साधे रबर उन्हाळ्यात वाळून तुटतात. सायकलच्या बाद ट्यूबच्या अरुंद चकत्या कापून तीन-चार वेढे दिले की गठ्ठा घट्ट बसतो. तुमच्या १६ जोड्यांना प्रत्येकी ५० म्हणजे ८०० तुकडे लागतील, वर थोडे जास्तीचे. ९९ पर्यंत मांडायचा हट्ट नको.

जोडीतली मुलं शेजारी-शेजारी बसवा. समोरासमोर बसली की एकाला दशकाचं घर उजवीकडे दिसतं आणि सगळं मुसळ केरात.

खडूफळा
रबर मोजण्याचं डोक्यात आलंच नव्हतं. मुलांची काड्यांची सवय कधी सोडवायची? आणि तिसरीच्या मुलांना ३०२ − १७८ साठी इतके हीर कुठून आणू?

तीनशेदोन
शेकड्यांना हीर नकोतच. पुठ्ठ्यावर १ सेंमीच्या चौकटी आखा. १० × १० चा चौरस शंभर, १ × १० ची पट्टी दहा, सुटी चौकट एक. पट्टी सोडता येत नाही, बदलून घ्यावी लागते, म्हणून मध्ये एक ‘बँक’ ठेवा. मुलं दहा सुट्या घेतात आणि पट्टी द्यायची विसरतात. आधी जमा, मग उचल असा नियम करा. खेळण्यातल्या नोटा त्यानंतर, कारण दहाची नोट दहा नाण्यांएवढी दिसत नाही.

३०२ मध्ये खरी गोम दशकाच्या शून्यात आहे. मुलं शेकडा मोडून थेट दहा एकक घेतात आणि २, ०, १२ लिहितात. चौरसाच्या बदल्यात बँकेने पट्ट्याच द्यायच्या, सुट्या नाहीत. दहा पट्ट्यांतली एक मोडली की नऊ उरतात. तो ९ वहीत लिहायचा राहतोच, तिथे थांबून पट्ट्या मोजायला लावा. उत्तर १२४.

काड्या एकदम काढून घेऊ नका. आधी चित्र: उभी रेघ म्हणजे गठ्ठा, टिंब म्हणजे सुटी, सोडलेली रेघ काटून दहा टिंबं. मग काड्या खोक्याखाली झाका. मुलाने आत काय झालं ते बोलत लिहायचं, अडलं तर खोकं उचलून बघायचं. खोकं उचलायचं थांबलं की त्या मुलापुरत्या काड्या बंद.

पालकांशीही बोलून घ्या. काही घरांत जुनी रीत शिकवतात: वर दहा मिळवायचे आणि खालच्या दशकात एक वाढवायचा, म्हणजे ४२ − १७ मध्ये १२ − ७, मग ४ − २. उत्तर तेच येतं, पण या मांडणीत ती रीत दिसत नाही आणि मूल दोन्ही मिसळून ३ − २ करतं. वहीत १५ उत्तर दिसलं तर आधी घरी कोण शिकवतं ते विचारा.