मदत हवी आहे: जुना अव्हिआर सोडू का?

डिस्क गोल्फमध्ये सहा वर्षं माझा एकच पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायची डिस्क) आहे, इनोव्हाचा डीएक्स अव्हिआर, 175 ग्रॅम. बास्केटच्या साखळ्यांवर आपटून कड खरबरीत झालीय, पण अंगठा डोळे मिटूनही जागेवर बसतो. जीव आहे माझा त्याच्यावर! हल्ली मात्र समोरून वारा असला की सात-आठ मीटरवरूनही तो उजवीकडे कलतो.

मैत्रिणीचा डिस्कक्राफ्ट लुना महिनाभर वापरला. वाऱ्यात पक्का, पण खालचा बीड (कडेच्या तळाशी असलेला गोल उंचवटा) बोटांत अडकतो आणि डिस्क उशिरा सुटते. नवा डीएक्स अव्हिआरही आणला, तो हातात परकाच वाटतो.

मी उजव्या हाताने स्पिन पट (डिस्क जोरात फिरवून सरळ टाकणं) करते, स्पर्धा दीड महिन्यावर आहे आणि पटसाठी दोन वेगळे पटर नकोत. बीड नसलेला, अव्हिआरसारखाच हातात बसणारा पण वाऱ्यात टिकणारा पटर कोणता? की नवा अव्हिआरच रोज टाकत राहू? तुमच्या हाताला सरावायला किती दिवस लागले?