कार्ड न घेणारा दुकानदार करचोर कसा ठरतो?

रामबाग फराळवाली
इंदूरच्या आपल्या मराठी गटात विजयनगरच्या एका सदस्यांनी परवा असे लिहिले की, ज्या दुकानात आजही कार्ड चालत नाही तो दुकानदार एकतर आळशी असतो किंवा कर चुकवणारा असतो, आणि ग्राहकांनी अशा दुकानांवर बहिष्कार घालावा. त्याखाली आलेली सहमतीची रांग पाहून मला स्वस्थ बसवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझ्या दुकानात चकली, मेतकूट, भाजणी आणि दिवाळीचा फराळ मिळतो. गल्ल्यासमोर क्यूआर लावलेला आहे, पैसे जमा झाल्याचे सांगणारा साउंडबॉक्स आहे आणि त्याचे मासिक भाडे मी भरते. कार्डाचे मशीन मात्र मी विचारपूर्वक ठेवलेले नाही. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवर 1 जानेवारी 2020 पासून दुकानदाराला शुल्क लागत नाही. इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने वार्षिक 20 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी मशीनवरील व्यवहाराला 0.40 टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. क्रेडिट कार्डाला मात्र अशी कोणतीही मर्यादा नाही, आणि आम्हाला सांगितला जाणारा दर दोन टक्क्यांच्या आसपास असतो. पाच हजारांच्या ऑर्डरवर 100 रुपये शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे आणखी 18 रुपये जातात, वर मशीनचे भाडे वेगळेच. शेंगदाणा तेलाचे आणि डाळीचे भाव चढलेले असताना हे 118 रुपये मी फराळाच्या दरात मिसळले, तर रोख देणाऱ्या शेजारच्या आजींनी तुमच्या क्रेडिट कार्डावरील रिवॉर्ड पॉइंटांचे पैसे भरल्यासारखे होईल. हे मला मान्य नाही, आणि त्यासाठी मला कोणी करचोर म्हणावे हे तर मुळीच मान्य नाही.

विजयनगर निवासी
ताई, ते वाक्य माझेच आहे आणि मी ते मागे घेत नाही, कारण ते आपल्यासारख्यांना उद्देशून लिहिलेले नव्हते. मागच्या पावसाळ्यात आईचे औषध आणण्यासाठी मी रात्री उशिरा बाहेर पडलो होतो. औषधाच्या दुकानदाराने कार्ड नाही, यूपीआय नाही, फक्त रोख, असे सांगितले आणि जवळच्या एटीएममध्ये पैसे नव्हते. शेवटी शेजाऱ्यांकडून पैसे घेऊन मी परत गेलो, तेव्हा त्याने पक्के बिल द्यायलाही नकार दिला. रोखीचा आग्रह आणि बिलाला नकार या दोन गोष्टी मला नेहमी एकत्रच भेटतात. यूपीआय 2016 पासून आहे आणि ते घ्यायला शुल्क पडत नाही, मग रोखच हवी म्हणणाऱ्याच्या हेतूबद्दल मी शंका का घेऊ नये?

सियागंज घाऊक
विजयनगरच्या साहेबांनी एकदा सकाळी सियागंजात येऊन पाहावे. साखर आणि रव्याच्या घाऊक विक्रीत शेकड्यामागे दीड-दोन रुपये सुटले तरी आम्ही समाधान मानतो. त्यात दोन टक्के कार्डवाल्याला दिले तर माल फुकट वाहिल्यासारखे होते. आमचे व्यवहार बँकेतूनच होतात, पण ते आरटीजीएसने, म्हणजे मोठी रक्कम थेट खात्यातून खात्यात पाठवून, किंवा चेकने होतात. शिवाय आमच्याकडचा निम्मा धंदा उधारीवर चालतो. लहान दुकानदाराला पंधरा दिवसांची उधारी कोणती कार्ड कंपनी देते, ते सांगा.

हिशेबनीस, तिलकनगर
मी कर सल्लागार आहे, म्हणून एक गैरसमज दूर करू इच्छितो. क्यूआर लावला की कर लागतो, ही समजूत चुकीची आहे. माल विकणाऱ्यांसाठी जीएसटी नोंदणीची 40 लाखांची मर्यादा एकूण उलाढालीची आहे आणि तिच्यात रोखही धरली जाते. उलट आयकर कायद्यानुसार लहान व्यावसायिकाने ठोक पद्धतीने, म्हणजे विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनी, उत्पन्न दाखवताना रोख विक्रीवर आठ टक्के नफा धरला जातो आणि डिजिटल जमेवर सहा टक्के. तीस लाखांच्या विक्रीत हा फरक 60,000 रुपये कमी उत्पन्नाचा होतो. म्हणजे प्रामाणिक दुकानदाराला डिजिटल जमा फायद्याचीच आहे. तरीही भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून लहान विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, त्यांत करमुक्त भाजी आणि दूध विकणारेही होते, आणि बंगळुरूत अनेकांनी क्यूआर काढून टाकले. त्या बातम्या आपल्या राजवाड्याच्या बाजारापर्यंत पोहोचलेल्या आहेत.

जेलरोड मोबाइल
नोटिशीला निदान उत्तर देता येते. माझे तर खातेच गोठवले होते. एका अनोळखी ग्राहकाने चार्जर आणि इअरफोन घेऊन क्यूआरवर पैसे भरले. पुढे बँकेकडून कळले की ते पैसे दुसऱ्या राज्यातील एका फसवणुकीच्या साखळीतून आले होते आणि तेथील सायबर पोलिसांच्या पत्रावरून माझे संपूर्ण चालू खाते बंद करण्यात आले आहे. प्रश्न काही हजारांचा होता, पण अडकली ती सगळी शिल्लक, म्हणजे कारागिराचा पगार आणि मालाचे पैसे. बँक पोलिसांकडे बोट दाखवत राहिली आणि पोलीस बँकेकडे. यात माझा दोष काय होता, ते विजयनगरच्या साहेबांनी सांगावे.

विजयनगर निवासी
तपास व्हायला नको का? ज्यांचे आयुष्यभराचे पैसे 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करेपर्यंत गायब होतात, त्यांनी काय करावे? पैसे ज्या खात्यात गेले, ते खाते थांबवले जाणारच. दुकानदारांना प्रत्येक बाबतीत आपणच पीडित आहोत असे वाटते.

जेलरोड मोबाइल
आपण मला फसवणूक करणाऱ्यांच्या रांगेत बसवत आहात, आणि हे मी ऐकून घेणार नाही. मी माल दिला, बिल दिले, पैसे घेतले. दिवाळीच्या तोंडावर घाऊक व्यापाऱ्यांसमोर हात जोडून उभे राहण्याची वेळ आपल्यावर आली असती, तर आपण इतक्या सहज हे लिहिले नसते.

हिशेबनीस, तिलकनगर
दोघांनीही आवाज थोडा खाली आणावा. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशाच प्रकरणांत सांगितले होते की, पूर्ण खाते न गोठवता केवळ संशयित रक्कम अडवावी. बँकेला आणि संबंधित पोलीस ठाण्याला अर्ज देताना त्या दिवसाचे बिल, खात्याचा उतारा आणि शक्य असल्यास कॅमेऱ्यातील चित्रण जोडा, आणि मागणी संशयित रकमेपुरतीच बंदी ठेवण्याची करा. माझा दुसरा सल्ला असा की क्यूआरसाठी स्वतंत्र खाते ठेवावे आणि रोज संध्याकाळी त्यातली शिल्लक मुख्य खात्यात वळवावी. बंदी मुख्य खात्यापर्यंतही पोहोचू शकते, पण धोका कमी होतो.

सियागंज घाऊक
म्हणजे दोन खाती, दोन उतारे आणि त्यांचा मेळ घालायला आणखी एक माणूस. शुल्क नाही असे म्हणणाऱ्यांनी हा खर्च कधी मोजला आहे का?

राजेंद्रनगर
फसवणूक दुसऱ्या बाजूनेही होते. आपल्याच मध्य प्रदेशात, खजुराहोत, जानेवारी 2025 मध्ये रात्रीतून दुकानांवरील क्यूआरवर दुसरेच क्यूआर चिकटवले गेले आणि ग्राहकांचे पैसे भलत्याच खात्यात गेले. पण गल्ल्यातली रोखही चोरीला जाते आणि खोटी नोट दुकानदाराच्याच माथी बसते, हेही कोणी तरी लिहायला हवे होते. सुट्या पैशांच्या नावाखाली हातावर चॉकलेट ठेवणाऱ्यांचा तर मला मनापासून राग आहे.

रामबाग फराळवाली
खाती गोठवण्याचा प्रश्न गंभीरच आहे, आणि जेलरोडच्या भाऊंना तो दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी भोगावा लागला, हे विजयनगरच्या दादांनी मान्य करायला हवे. माझा मूळ मुद्दा तरीही तसाच राहतो. कार्ड न घेणे आणि डिजिटल पैसे न घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातही आता क्यूआरवरच रुपे क्रेडिट कार्ड जोडून पैसे देता येतात. लहान दुकानदाराला 2,000 रुपयांपर्यंत त्याचे शुल्क नाही, पण त्यापुढे लागते, आणि पैसे बँक खात्यातून येत आहेत की कार्डावरून, हे गिऱ्हाईक समोर उभे असताना मला ओळखता येत नाही.

विजयनगर निवासी
क्रेडिट कार्डाच्या शुल्काबाबत ताईंचे म्हणणे मला मान्य करावे लागते, आणि माझ्या त्या लिखाणात कार्डाऐवजी "कोणतेही डिजिटल साधन" असे लिहिले असते तर अधिक नेमके झाले असते. जेलरोडच्या भाऊंचे पूर्ण खाते गोठवणे अन्यायाचे होते, हेही मी मानतो. पण यूपीआयही न घेणाऱ्या आणि बिल न देणाऱ्या दुकानात मी यापुढेही जाणार नाही, आणि इतरांनाही तेच सांगेन. निदान काय चालते आणि काय नाही, याची पाटी दारावर असावी, म्हणजे ग्राहकाला पिशवी भरल्यावर परत फिरावे लागणार नाही.

रामबाग फराळवाली
पाटीची मागणी योग्य आहे. यूपीआय आणि रोख चालेल, क्रेडिट कार्ड चालणार नाही, अशी पाटी मी लावते. 2,000 रुपयांवरील फराळाच्या ऑर्डरची आगाऊ रक्कम बँक खात्याशी जोडलेल्या यूपीआयनेच द्यावी, हेही तिच्यावर लिहीन. बिल मी आजही देते.

जेलरोड मोबाइल
माझ्या अर्जाचा मसुदा ज्यांना हवा असेल त्यांनी मला खाजगी संदेश पाठवावा. माझ्या खात्यावरील बंदी अजून पूर्ण उठलेली नाही.