लटकत्या सलाईनमध्ये केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) घातलं तर नक्की काय बिघडतं?

नवी_सिस्टर:
जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेय, सिंधुदुर्गात एका छोट्या हॉस्पिटलात लागून चार महिने झाले. परवा नाइटला जुलाब-उलट्यांचा पेशंट होता, पोटॅशियम २.७ म्हणजे कमी, सरांनी फाइलवर लिहिलं एनएस (साधं सलाईन) ५०० मिलीमध्ये केसीएल एक अँप्युल (औषधाची छोटी बंद कुपी). सलाईन आधीच चालू होतं, निम्मं संपलेलं, म्हटलं त्यातच घालूया, सिरिंज भरून बाटलीच्या रबराला सुई लावणार तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर आल्या नि माझा हातच धरला. सगळ्यांसमोर ओरडल्या, पण का ते काही सांगितलं नाही. पेशंटला काही झालं नाही देवाच्या कृपेने. पण एमव्हीआय (मल्टीव्हिटॅमिनचं इंजेक्शन) तर आम्ही चालू बाटलीतच घालतो की, मग केसीएलचं एवढं काय?

आगळवाली:
अगो बाय, एमव्हीआय घालताना कधी नीट बघितलंस का? पिवळा पट्टा खाली तोंडाशी साचतो, बाटली हलवली की मग सगळीकडे रंग पसरतो. ग्लासात कोकमाचं आगळ ओतलं नि ढवळलंच नाही तर कसं तळाला बसतं, अगदी तसंच. केसीएल सलाईनपेक्षा जड, शिवाय त्याला रंग नाही, त्यामुळे साचलेलं तुला दिसणारच नाही. बाटली उलटी टांगलेली म्हणजे तळ म्हणजेच सेटचं (सलाईनच्या नळीचं) तोंड, पहिल्या काही मिनिटांत बरंचसं पोटॅशियम एकदम शिरेत. आणि तुझी बाटली निम्मी होती, म्हणजे २५० मिलीमध्ये एक अँप्युल, तीव्रता दुप्पट. नवी बाटली घ्यायची, टांगायच्या आधी घालायचं, आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, लेबल लावायचं, मग टांगायची.

बिनधास्त_७७:
आमच्याकडे दहा वर्षं चालू बाटलीतच घालतात, एकालाही काही झालेलं नाही. उगाच घाबरवू नका पोरीला.

आयसीयू_ब्रदर:
दादा, झालं नाही की कुणी बघितलं नाही? रात्री तीनला पेशंट गेला तर आजाराने गेला असंच लिहितात. पोटॅशियम एकदम वाढलं की हृदय थांबतं, म्हणून केसीएल कधीच, म्हणजे कधीच पुश करायचं नाही (सिरिंजने थेट शिरेत द्यायचं नाही).
ताई, हिशोब पाठ करून ठेव. १० मिलीच्या १५ टक्के अँप्युलमध्ये २० एमईक्यू (पोटॅशियम मोजायचं एकक) असतं. साध्या वॉर्डात, हातातल्या शिरेतून, तासाला १० एमईक्यूच्या वर जायचं नाही, म्हणजे ती बाटली दोन तासांच्या आत संपताच कामा नये. आम्ही चार तास लावतो. २० थेंबांचा सेट असेल तर मिनिटाला साधारण ४२ थेंब (पाकिटावर बघ, सगळे सेट सारखे नसतात). आणि थेंब एकदा मोजून सोडू नकोस, पेशंटने हात सरळ केला की वेग बदलतो, नातेवाईक तर "लवकर संपू दे" म्हणून चाक फिरवतात, हे मी डोळ्याने बघितलंय. हाताला जळजळ होते म्हणाला तर वेग कमी कर, सुईची जागा सुजली असेल तर बंदच कर नि डॉक्टरांना सांग.
लावायच्या आधी लघवी होतेय का ते विचार. लघवी बंद असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस. आपल्याकडे पावसात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस तापाचे) पेशंट येतात, त्यांची किडनी बिघडलेली असूनही पोटॅशियम कमी येऊ शकतं, म्हणून पोटॅशियम पुन्हा तपासल्याशिवाय, जुन्या रिपोर्टवर दुसरी बाटली नको.

आगळवाली:
अजून एक. प्लास्टिकची केसीएल नि डिस्टिल वॉटरची अँप्युल शेजारी ठेवली तर लांबून सारखीच दिसतात. आमच्याकडे पावसाळ्यात दमटपणाने ट्रेची चिकटपट्टी सुटते, वर लाइट गेलेली, मोबाइलच्या उजेडात अँटिबायोटिक पातळ करायला कुणी काय उचललं तर? आम्ही केसीएल ट्रॉलीवरून काढून कुलपाच्या कपाटात टाकलं, फोडताना दोघींनी नाव मोठ्याने वाचायचं.

नवी_सिस्टर:
आत्ताच ट्रॉली बघून आले. एकाच ट्रेमध्ये दोन्ही होती, केसीएल सात, डिस्टिल वॉटर वीसेक. केसीएल वेगळ्या डब्यात काढून इन्चार्ज सिस्टरना दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त कपाटाची चावी दिली. एमव्हीआय पण आता आधी खाली उतरवून हलवूनच लावते.