१९५० च्या आसपासचा सर्बियन भालाफेकपटू, करिअर कसं मोजायचं?

भिरभिरा: मंडळी, जुन्या ऑलिंपिकचे निकाल चाळत होतो तर सर्बिया कुठे सापडेचना. आणि आकडे बघून तर हसूच आलं, १९४८ ला लंडनमध्ये फिनलंडच्या राउतावारानं ६९.७७ मीटरवर गोल्ड मारलंय! मग तेव्हा बेलग्रेडचा एखादा पोरगा ६५ च्या आसपास फेकत असेल तर त्याला भारी म्हणायचं की यथातथाच?

बाल्कनवेडा: सर्बिया कसा सापडेल, तेव्हा सगळे युगोस्लाव्हियाच्या जर्सीत. कोण सर्बियाचा याचा क्लबवरून थोडा अंदाज येतो, रेड स्टार आणि पार्टिझान हे बेलग्रेडचे दोन्ही क्लब १९४५ चे, आपण फुटबॉलमुळे ओळखतो पण अ‍ॅथलेटिक्सही होतं तिथे. अर्थात त्यातही गंमत आहेच, मिहालिच मूळचा क्रोएशियाचा, धावायचा पार्टिझानकडून, आणि १९५६ ला मेलबर्नमध्ये मॅरेथॉनचं सिल्व्हर घेऊन आला.

तिसरा_थ्रो: ६५ ला हसू नकोस रे. तो लाकडी भाल्याचा जमाना, हेलसिंकीत १९५२ चं गोल्डसुद्धा ७३.७८ लाच गेलं. मग १९५३ मध्ये अमेरिकेच्या बड हेल्डनं ८०.४१ फेकला, ८० पार करणारा पहिला माणूस, आणि त्यानं न् त्याच्या भावानं मिळून भालाच बदलला, पोकळ आणि जाडसर, त्यामुळे हवेत जास्त वेळ टिकायचा. त्यात मेलबर्नला नॉर्वेच्या डॅनियलसननं स्टीलचा भाला घेऊन ८५.७१ टाकला आणि पोलंडचा सिडलो ७९.९८ वर दुसरा! तो भाला सिडलोनंच त्याला वापरायला दिला होता म्हणतात, काय बोलणार आता. सांगायचं काय, तर १९५० ला जोरात असलेला पोरगा सहा वर्षांत यादीत खाली दिसला तर त्याचा हात गेला असं लगेच समजू नकोस, नवा भाला त्याच्यापर्यंत कधी पोचला ते आधी बघ.

भिरभिरा: अच्छा, म्हणजे मीटर बघायचेच नाहीत?

तिसरा_थ्रो: बघ ना, पण त्याच वर्षीच्या बाकीच्यांशेजारी ठेवून. युगोस्लाव्ह चॅम्पियनशिप, बाल्कन गेम्स, तिथे कितवा आला ते. आजच्या आकड्यांशी तर लावूच नकोस, १९८६ मध्ये पुरुषांच्या भाल्याचा तोल मुद्दाम पुढे सरकवलाय, लवकर खाली यावा म्हणून.

बाल्कनवेडा: आणि १९६२ ची युरोपियन चॅम्पियनशिप बेलग्रेडलाच झाली होती, भालाफेक सोव्हिएत संघाच्या लुसिसनं ८२.०४ वर जिंकली. घरचं मैदान मिळालं खरं, पण १९५० वाली मंडळी तोवर पस्तिशीला टेकलेली.