रायडर आणि सेन्ताई एकत्र: 'सुपर हीरो सेन्की'आधी मुलांना नेमकं काय दाखवावं?

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत १० ते १३ वयाच्या सहा मुलांना 'सेबर + झेन्कायजर: सुपर हीरो सेन्की' (२०२१) दाखवायचा आहे. जपानी टीव्हीवरच्या कामेन रायडरची (मुखवट्यातला मोटरसायकलस्वार नायक) ५० वर्षं आणि सुपर सेन्ताईची (रंगीत पोशाखांतली टोळी, पॉवर रेंजर्सचं मूळ) ४५ वी मालिका, असं दुहेरी निमित्त साधून तोएई या जपानी कंपनीने काढलेला. मुलांना पॉवर रेंजर्स चांगलं माहीत आहे, कामेन रायडर मात्र फक्त नावाने. आधी काय आणि किती दाखवू? जपानहून डिस्क मागवली तर इथल्या प्लेअरवर चालेल का? इंग्रजी सबटायटलवरून मराठी करायचा विचार आहे, त्यात कशाची काळजी घ्यायची?

सिडकोतला_रायडर
आधी एक चूक टाळा. २०१२ चा 'सुपर हीरो तायसेन' यापूर्वी दाखवू नका. नावावरून हा त्याचा पुढचा भाग वाटतो, पण कथेचा काही संबंध नाही. त्यात डिकेड या रायडर मालिकेतला त्सुकासा आणि गोकायजर या सेन्ताई मालिकेतला मार्व्हलस एकेका दुष्ट सैन्याचे म्होरके होऊन समोरासमोर येतात. हे दोघं मुळात कसे आहेत ते माहीत असेल तरच त्यातली मेख कळते. नवख्या मुलांच्या डोक्यात नुसतं 'रायडर विरुद्ध सेन्ताई' बसतं आणि 'सेन्की' बघतानाही ती कोण जिंकणार याचीच वाट बघत राहतात.

सेबर या रायडर मालिकेचे पहिले दोन भाग पुरेत. तोमा हा कादंबरीकार आहे आणि पुस्तकाचं दुकान चालवतो. त्याच्या पट्ट्यात तीन छोटी पुस्तकं बसतात आणि तलवार उपसली की ती उघडतात. सिनेमाचा सगळा डोलारा पुस्तकांवर उभा आहे, म्हणून हे आधी कळायला हवं. झेन्कायजर या सेन्ताई मालिकेचे पहिले पाच भाग दाखवा. पाचांपैकी काइतो एकटाच माणूस, बाकी चौघं यंत्रमानव आहेत आणि ते पहिल्या काही भागांत एकेक करून टोळीत येतात. त्यांचे स्वभाव आधी ओळखीचे झाले नाहीत तर सिनेमातले निम्मे विनोद वाया जातात. पुढची मालिका पाहायची गरज नाही, कारण सिनेमा २२ जुलै २०२१ ला आला तेव्हा ४९ भागांची झेन्कायजर निम्म्यावरही आली नव्हती.

शिवाय डेन-ओ या रायडर मालिकेचे (२००७) पहिले दोन भाग. त्यातला लाल राक्षसासारखा मोमोतारोस या सिनेमात येतो तो घरच्यासारखा, त्याची ओळख कुणी करून देत नाही. भाग साधारण २४ मिनिटांचा. नऊ भाग म्हणजे साडेतीन तासांच्या आसपास, दोन दुपारी झाल्या.

पॉवर रेंजर्सचा उपयोग जरूर करून घ्या. सेन्ताईतली झ्युरेंजर म्हणजे पॉवर रेंजर्सची मायटी मॉर्फिन, देकारेंजर म्हणजे एसपीडी, मागिरेंजर म्हणजे मिस्टिक फोर्स, र्युसोल्जर म्हणजे डिनो फ्यूरी. पोशाख तेच, पण माणसं, नावं आणि गोष्ट वेगळी, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर ऐन लढाईत 'हा तर अमुक रेंजर' यावर वाद सुरू होतो.

पंचवटी_७१
वरची यादी बरोबर आहे, पण तिच्यात १९७१ ची मूळ कामेन रायडर मालिका नाही आणि माझ्या मते त्याशिवाय या सिनेमाचा गाभाच हाती लागत नाही. (पुढे थोडा रहस्यभेद आहे.)

कामेन रायडर ३ एप्रिल १९७१ ला सुरू झाला, गोरेंजर ही पहिली सेन्ताई मालिका ५ एप्रिल १९७५ ला. दोन्हींचा जनक एकच, शोतारो इशिनोमोरी (१९३८–१९९८). सिनेमात तो स्वतः पात्र म्हणून येतो, अजून यांतलं काहीच न काढलेला एक मुलगा म्हणून. समोर चित्रांची वही घेऊन बसलेला हा पोरगा कोण, हे मुलांना ठाऊक नसेल तर त्यांच्या लेखी तो आणखी एक पाहुणा कलाकार. म्हणून त्याचा फोटो आणि त्याने काढलेला पहिला रायडर, दोन्ही आधी दाखवा. या वयाच्या मुलांना स्वतः चित्रं काढायची आवड असते, त्यामुळे हा धागा ती चटकन पकडतात.

मग १९७१ चा पहिला भाग दाखवा, कोळीमानवाचा. नायक होंगो ताकेशीला शॉकर ही दुष्ट संघटनाच शस्त्रक्रिया करून घडवते, फक्त मेंदूवर ताबा घेण्याआधी तो निसटतो. म्हणजे नायकाची ताकद आणि राक्षसाची ताकद एकाच कारखान्यातली. सिनेमात नायकाविषयी जो प्रश्न उभा राहतो त्याचं मूळ इथे आहे. हिरोशी फुजिओका ५० वर्षांनी याच भूमिकेत पडद्यावर येतात तेव्हा अंगावर काटा यायचा असेल तर हा भाग हवाच.

पहिल्या भागात 'हेन्शिन!' ही रूप बदलतानाची आरोळी नाही, हेही सांगून ठेवा, मुलं हमखास विचारतात. सुरुवातीला मोटरसायकलच्या वेगाने पट्ट्यात वारा भरून रूपांतर व्हायचं. चित्रीकरणात फुजिओकांचा पाय मोडला, म्हणून १४ व्या भागात दुसरा रायडर आणला आणि हातवारे करून 'हेन्शिन' म्हणायची पद्धत त्याच्यापासून पडली.

सिनेमात पात्रं दोन जुन्या गोष्टींत जाऊन पडतात. एक वानरराजाची जुनी चिनी कादंबरी 'पश्चिमेची यात्रा', हनुमान ओळखीचा असल्याने ती समजायला नाशिकच्या मुलांना वेळ लागणार नाही. दुसरी 'हाक्केन्देन', जपानी लेखक क्योकुतेई बाकिन यांची १८१४ ते १८४२ अशी २८ वर्षं चाललेली १०६ खंडांची कादंबरी. आठ योद्धे, प्रत्येकाकडे एकेक मणी आणि मण्यावर एकेक सद्गुण. एवढं पुरे.

जेलरोड_सबटायटल
डिस्कचं बघू. प्रत्येक डिस्क ठरावीक प्रदेशासाठी (रीजन) असते. जपानी ब्लू-रे रीजन ए, भारत रीजन सी. डीव्हीडी असेल तर जपान २, भारत ५. म्हणजे इथला साधा प्लेअर ती नाकारणार. मल्टी-रीजन प्लेअर लागेल, आणि तो डीव्हीडीसाठी मल्टी-रीजन आहे की ब्लू-रेसाठीसुद्धा, हे दुकानात विचारून घ्या, कारण बऱ्याचदा फक्त डीव्हीडीसाठीच असतो. लॅपटॉपच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन पाचच वेळा बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो. जपानी डिस्कवर इंग्रजी सबटायटल सहसा नसतात, हेही लक्षात असू द्या. आणि डिस्क घरगुती वापरासाठी असते, त्यामुळे सहा मुलं घरातच बसवा. सोसायटीच्या हॉलमध्ये जाहीर खेळ लावायचा तर हक्कदाराची परवानगी लागते.

सबटायटल पुढेमागे होत असेल तर पहिला आणि शेवटचा संवाद तपासा. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर नुसतं सरकवा. व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी, एकदा दाबलं की ५० मिलिसेकंद सरकतं. फरक वाढत जात असेल तर घोळ फ्रेम-रेटचा (सेकंदाला किती चित्रं, त्याचा आकडा). चित्र २३.९७६ चं आणि सबटायटल २५ चं असेल, तर तासाभरात जवळपास अडीच मिनिटांचं अंतर पडतं. कितीही सरकवलं तरी ते जुळत नाही. सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम-रेट बदलायचा पर्याय आहे, तो वापरा.

मराठी फाइल यूटीएफ-८ (देवनागरी चालणारी अक्षर-संकेत पद्धत) मध्ये सेव्ह करा, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसतील. पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावण्याआधी दोन मिनिटांची चाचणी घ्या. बऱ्याच टीव्हींना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, 'शक्ती'चं 'शक्‌ती' होतं आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. तसं झालं तर लॅपटॉपवर चालवून एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता, बोल्ड, काळी कड.

एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ३५ अक्षरं. सॉफ्टवेअरचा आकडा मात्र जसाच्या तसा धरू नका. ते काना, मात्रा, पायमोड सुटे मोजतं, एकटा 'क्ष' तीन भरतो. म्हणून ४५ आकडा दिसला तरी ओळ डोळ्याला ठीक असते. लढाईत पाच जण एकदम ओरडतात तिथे सगळ्यांचं भाषांतर करू नका. जो बोलल्याने पुढे काही घडतं त्याचंच घ्या.

गंगापूररोडकर
१९७१ चा भाग घेतला, एकूण दहा झाले. मल्टी-रीजन प्लेअरची चौकशी एम.जी. रोडला करतो. शेवटचं विचारतो, 'हेन्शिन' आणि 'झेन्काय' यांचं मराठी करावं का?

पंचवटी_७१
'हेन्शिन' तसंच ठेवा. 'रूपांतर!' ही आरोळी होत नाही, ते विज्ञानाच्या पुस्तकातलं वाटतं. शिवाय मुलांना पडद्यावरून तोच शब्द ऐकू येणार आहे. 'झेन्काय' म्हणजे पूर्ण उघडलेलं, पूर्ण जोर. टोळीच्या नावात ते तसंच ठेवा, पण काइतो बोलण्याच्या ओघात म्हणतो तिथे 'पूर्ण ताकदीनं!' घ्या. तोमाचं वाक्य मात्र मराठीत हवंच: 'या गोष्टीचा शेवट मी ठरवणार!' त्यातली 'गोष्ट' सगळीकडे गोष्टच राहू द्या. एकदा कथा, एकदा कहाणी असं झालं तर शेवटी तो मुलगा वही उघडतो तेव्हा दुवा जुळत नाही.