मदत हवी आहे: सासूबाईंच्या आमवाताच्या ॲपमध्ये आकडा कुठला भरायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही निपाणीचे. सासूबाईंना आमवात आहे (रुमॅटॉइड आर्थरायटिस), उपचार बेळगावात. उभा जन्म विड्या वळण्यात गेला, अजूनही पान-तंबाखू घरी आणून थोड्या वळतात. सकाळी तासभर बोटं मिटत नाहीत.

दवाखान्यानं माझ्या फोनवर एक ॲप घालून दिलंय. रोज दुखण्याला शून्य ते दहापैकी आकडा द्यायचा, चित्रातल्या सुजलेल्या सांध्यांवर बोट ठेवायचं. डॉक्टर ते बघतात, गरज वाटली तरच बोलावतात. बेळगावचे हेलपाटे वाचले, त्याबद्दल तक्रार नाही.

घोळ असा की ॲपमध्ये 'कुटुंबीय' म्हणून पुण्याच्या दिरांचाही नंबर आहे. आकडा वाढला की त्यांना मेसेज जातो आणि पाठोपाठ फोन येतो, "आई, परत विड्यांचं सूप घेऊन बसलीस ना?" त्यांची काळजी खोटी नाही. पण विड्यांचे पैसे सासूबाईंचे स्वतःचे, त्यांवर पाणी सोडायला त्या तयार नाहीत. परवा चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून पीत होत्या, बोटं लावताच येईनात. आकडा विचारला तर म्हणाल्या, "तीन घाल गं."

आता मी काय घालायचं? आजार किती जोरात आहे हे ठरवायला डॉक्टर डीएएस-२८ नावाची मोजणी वापरतात. त्यात २८ सांधे तपासतात, रक्ताचा ईएसआर किंवा सीआरपी (अंगात दाह किती ते सांगणाऱ्या तपासण्या) बघतात आणि रुग्णाला स्वतःला कसं वाटतंय तेही धरतात. तिथं तीनच पोचला तर औषध वाढवायचं राहून जाईल, आणि या आजारात सांधा एकदा खराब झाला की मागे येत नाही. त्यात पावलांचे सांधे त्या २८ मध्ये नाहीतच, आणि आमच्या सासूबाईंचं निम्मं दुखणं चवड्यात!

दुसरं म्हणजे गोळ्या. आमवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. आणि हे ॲप रोज रात्री विचारतं, "आजची गोळी घेतली का?" सोबत दिलेल्या फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाच्या गोळीबद्दल विचारत असेल, पण गोळीचं नावच येत नाही. औषधवाल्यानं पाकिटावर पेनानं ठळक 'रविवार' लिहून दिलंय म्हणून निभावतंय. कुणाच्या घरी यातून घोटाळा झाला तर जबाबदार कोण, डॉक्टर की ॲपवाले?

संमतीचं पान कन्नड आणि इंग्रजीत. सासूबाईंना वाचता येतं फक्त मराठी. मी इंग्रजीतलं चाळलं तर माहिती 'भागीदार संस्थांना' द्यायची परवानगीही त्यातच घुसडलेली.

दिरांना न दुखावता त्यांचं बघणं बंद करता येईल का? संमती काढून घेतली तर उपचारात अडचण येईल का? जाणकारांनी सांगावं.

घटप्रभा: कायद्याचं सांगते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मिळायला हवी, म्हणजे मराठीतही. संमती देणं जितकं सोपं, तितकंच काढून घेणंही सोपं हवं. मात्र नियम निघाले २०२५ च्या नोव्हेंबरात, आणि या तरतुदी लागू करायला दीड वर्षाची मुदत दिलेली आहे. तेव्हा कायदा दाखवून भांडण्यापेक्षा दवाखान्याला साधा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. भागीदार संस्था कोण ते नावानिशी विचारा.

वॉर्डातली ताई: गोळीच्या प्रश्नाचा स्क्रीनशॉट डॉक्टरांना लगेच दाखवा, पुढच्या तपासणीची वाट बघू नका. २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-इंटरनेटवरून उपचार) मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रुग्णाला सल्ला देणं, औषध लिहून देणं हे डॉक्टरांचंच काम आहे, यंत्राचं नाही. 'तीन'चा खुलासा मात्र सासूबाईंनी स्वतः करू दे, तुम्ही पाठीमागून सांगू नका. आणि तपासताना चपला काढून पावलं दाखवायला सांगा. नाहीतर कुणी बघत नाही.

खानापूरकर: मी त्या दिरांच्याच जागी आहे, आई गावी, मी पुण्यात. माझा नंबर परस्पर काढला तर मला राग येईल, खरं सांगतो. मेसेज आला की निदान कळतं तरी. काढायचाच असेल तर आईनं स्वतः फोन करून सांगावं, वहिनीच्या डोक्यावर ते येऊ नये.

धागाकर्ती: आभारी आहे सगळ्यांची. सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "नंबर राहू दे त्याचा, मी पडले-बिडले तर कळायला हवं. रोजचा आकडा तेवढा जायला नको." असं वेगळं करता येतं का ॲपमध्ये? कुणी केलं असेल तर कुठं जाऊन करायचं ते सांगा.