सरसकट रीस्टार्ट, की आधी विचारून?

फेज-२ चा हमाल
परवाच्या धाग्यात सर्व्हिसबद्दल (सर्व्हरवर मागे सतत चालणारा प्रोग्राम) एका महाशयांनी ठोकून दिलंय : "स्क्रिप्टमध्ये सर्व्हिसला अटी कशाला? शेवटी सरसकट रीस्टार्ट मारा, विषय संपला." तेव्हापासून डोकं तापलंय.
आमच्याकडे असंच कुणीतरी अ‍ॅन्सिबलमध्ये (एका स्क्रिप्टनं अनेक मशिनं सांभाळणारं टूल) 'स्टेट: रीस्टार्टेड' टाकलं. स्टँडबाय (राखीव) मशीनवर क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारी सर्व्हिस, मुद्दाम बंद ठेवलेला. रीस्टार्टेड बंद सर्व्हिसलाही उठवतं! रात्री २ वाजता दोन्ही मशिनांनी ग्राहकांना बिलाचे एसएमएस पाठवले. सकाळी हिंजवडीला येताना भूमकर चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलोय आणि साहेबांचा फोन : "अरे, माझ्या बायकोलाही दोन आले." सिस्टिमसीटीएल या लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या कमांडला ट्राय-रीस्टार्ट आहे, सर्व्हिस चालू असेल तरच हात लावतं. वापरा की.

कोथरूडचा रूट
ते महाशय मीच. "मुद्दाम बंद" हे लिहिलं कुठे होतं? तुमच्या डोक्यात. बंदच हवा होता तर क्रॉन मास्क करायचा, म्हणजे सुरूच होऊ नये असा कुलूपबंद, मग रीस्टार्टच्या बापालाही उठला नसता.
आणि अटींचं कौतुक मला नको. सर्व्हिस फॅक्ट्स (मशीनवरच्या सर्व्हिसची यादी) गोळा केले प्लेच्या, म्हणजे स्क्रिप्टच्या एका फेरीच्या, सुरुवातीला, पॅकेज बसलं नंतर. अट शोधते त्या शिळ्या यादीत, नाव सापडत नाही, टास्क गुपचूप स्किप. शेवटी 'फेल्ड ०' बघून पोरं चहाला जातात.

निम्मं डेबियन
त्यात आमच्याकडे लिनक्स दोन जातींचं, एकाच सर्व्हिसचं नाव डेबियनवर क्रॉन, रेड हॅटवर क्रॉनडी. अट सर्व्हिसवर लावू की नावावर? कुणालाच पडलेली नाही.

हँडलरवाला
दोघंही उगाच भांडताय. कॉन्फिग (सेटिंगची फाईल) बदललं तर टास्क नोटिफाय करेल, आणि हँडलर, म्हणजे निरोप आला तरच प्लेच्या शेवटी चालणारा टास्क, रीस्टार्ट करेल. अट आपोआप आली.

कोथरूडचा रूट
हँडलर मला शिकवू नका हो. प्ले मध्येच फेल झाला की हँडलर चालतच नाही. पुन्हा चालवा, फाईल आधीच बदललेली, टास्क 'ओके', नोटिफाय नाही. डिस्कवर नवं कॉन्फिग, मेमरीत जुनं. आम्हाला हे ३ आठवड्यांनी कळलं, गुरुवारी वीज गेली तेव्हा. यूपीएसनं मान टाकली. वीज आल्यावर मशीन उठलं, एन्जिनएक्स, म्हणजे आमचा वेब सर्व्हर, उठेना. कॉन्फिगमध्ये एक अर्धविराम द्यायचा राहिला होता.

फेज-२ चा हमाल
गुरुवारी दुरुस्तीला वीज जाते हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जनरेटर नाही? सर्व्हर आहे की दळणाची गिरणी?

कोथरूडचा रूट
तुम्हाला आयटी पार्क आयतं मिळालंय. आम्ही जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर. मालक म्हणतात, जनरेटरचा आवाज दुपारी चालणार नाही. ते झोपतात.

निम्मं डेबियन
यूपीएसच्या बॅटरीत पाणी कोण घालतं तुमच्याकडे? आमच्याकडे हाऊसकीपिंग म्हणतं आयटीचं काम, आयटी म्हणतं हाऊसकीपिंगचं. दोन बॅटऱ्या त्यातच गेल्या.

कोथरूडचा रूट
आमच्याकडे मी घालतो. पगार मात्र ऑटोमेशनचा.

हँडलरवाला
बॅटरी पुरे! फोर्स-हँडलर्स द्या (प्ले फेल झाला तरी हँडलर चालतात), नाहीतर मध्येच फ्लश करा (साठलेले हँडलर लगेच चालतात). आणि रूटसाहेब, रीस्टार्टच्या आधी 'एन्जिनएक्स -टी' (नुसतं कॉन्फिग तपासणारी कमांड) चालवलं असतं तर तो अर्धविराम तिथेच सापडला असता. तुमच्या सरसकट रीस्टार्टनं साइट भर दिवसा पडली असती.

कोथरूडचा रूट
पडली असती ना! पण मी समोर बसलेलो असतो, बदल काय केला ते आठवत असतं. ३ आठवड्यांनी अंधारात, मोबाईलच्या टॉर्चवर शोधत नसतो बसलो. -टी चं मात्र मान्य. लिहून ठेवा, वर्षातून एकदाच म्हणतो.

फेज-२ चा हमाल
उपकार झाले. आज स्टँडबायवर क्रॉन मास्क केलाय. स्क्रिप्ट तिथे लाल होते (फेल होते), होऊ दे, निदान कुणी विचारेल तरी. आणि हे तुमच्यामुळे नाही केलं, साहेबांच्या बायकोमुळे केलं.